प्रश्नचिन्हांचा इतिहास

गेल्या आठवड्यात कपाट आवरताना एक जुना छापील कागद सापडला. त्यावर अक्षर एकही नाही. डावीकडे आकडे आणि प्रत्येक आकड्यापुढे प्रश्नचिन्हं. चार, मग मोकळी जागा, मग सहा, पुन्हा मोकळी जागा, मग पाच. पानभर तेच. सौ. म्हणाली, "रद्दीत टाकू का?" मी म्हटलं, "नको, तो इतिहासाचा कागद आहे." ती हसली. पण मंडळी, मी खरंच बोललो होतो. आज त्या कागदाचा इतिहास सांगतो. त्यात एक कबुलीही आहे, ती शेवटी.

मी इतिहास आणि मराठी शिकवणारा माणूस. शिक्षण सगळं मराठी माध्यमातलं, बी.ए.पर्यंत. संगणकाशी ओळख झाली ती २००८ साली निवृत्त झाल्यावर, आणि तीही पुतण्याच्या कृपेने. तेव्हा जाणकारांनी चुकलं तर सांभाळून घ्यावं.

झालं असं. २००९ मधे शाळेच्या माजी विद्यार्थ्यांचा मेळावा घ्यायचं ठरलं. कोण कुठल्या सालचा, कुठे असतो, याची यादी हवी होती. पुतण्या पुण्यात जावावर काम करणारा. तो म्हणाला, "काका, कागदावर कशाला? मी स्प्रिंगमधे एक छोटं वेब अॅप्लिकेशन करून देतो. तुम्ही घरी बसून नावं भरा." नावं भरायचं काम आमच्या चित्रकलेच्या सरांनी अंगावर घेतलं. ते माझ्याआधी सात वर्षं निवृत्त झालेले. स्मरणशक्ती अशी, की जनरल रजिस्टर उघडायचं आणि नाव वाचायच्या आत मुलगा डोळ्यांपुढे उभा. म्हणून अर्जात नाव, गाव, साल यांच्या जोडीला एक रकाना खास त्यांच्यासाठी ठेवला. 'शेरा'. त्या मुलाबद्दल सरांना जे आठवेल ते त्यात लिहायचं.

आता स्प्रिंग म्हणजे काय, हे मलाही तेव्हा विचारावं लागलं होतं. जावा ही भाषा सन मायक्रोसिस्टिम्स या अमेरिकन कंपनीतली. १९९१ मधे जेम्स गॉसलिंग आणि सहकाऱ्यांनी घरगुती उपकरणांसाठी ती करायला घेतली. तिचं पाळण्यातलं नाव 'ओक'. मे १९९५ मधे ती जावा म्हणून जगापुढे आली आणि लवकरच वेबच्या कामाला जुंपली गेली. पण वेब अॅप्लिकेशन म्हटलं की विनंती घ्या, तपासा, डेटाबेसात ठेवा, उत्तर पाठवा, हे तेच ते काम प्रत्येकाला पहिल्यापासून लिहावं लागे. त्यावर उपाय म्हणजे फ्रेमवर्क. मी त्याला मांडव म्हणतो. खांब, वासे, दोऱ्या तयार मिळतात, लग्न कोणाचं ते आपण ठरवायचं. असा एक गाजलेला मांडव म्हणजे स्ट्रट्स. क्रेग मॅकक्लॅनहन यांनी २००० साली तो अपाची या संस्थेला दिला.

स्प्रिंगची गोष्ट मला जास्त आवडली. सनने मोठ्या कामांसाठी जे२ईई नावाचा एक पसारा उभा केला होता. साध्या कामालाही त्यात फार सोपस्कार. रॉड जॉन्सन या ऑस्ट्रेलियन माणसाने २००२ मधे त्यावर एक जाडजूड पुस्तक लिहिलं आणि सोबत स्वतःचा सुटसुटीत कोड जोडला. ओळी सुमारे तीस हजार! वाचकांपैकी युर्गेन होलर आणि यान कारॉफ यांनी गळ घातली, की हे सर्वांसाठी खुलं करू. नाव कारॉफ यांनी सुचवलं. जे२ईईचा हिवाळा संपून आलेला वसंत, म्हणून स्प्रिंग. मार्च २००४ मधे पहिली आवृत्ती आली. गंमत म्हणजे या जॉन्सन साहेबांची पीएच.डी. संगीतशास्त्रातली आहे. तेव्हा कला शाखेच्या लोकांनी निराश होऊ नये!

असो. पुतण्याने आपल्या लॅपटॉपवर पहिला अर्ज तयार केला आणि मला नाव लिहून बघायला सांगितलं. मी विठ्ठलाचं नाव घेतलं, म्हणजे 'विठ्ठल' असं टंकलं आणि बटण दाबलं. परत आलं ते भलतंच. डोक्यावर तिरकी रेघ असलेला रोमन ए, मग चार शिंगं फुटलेलं एक वर्तुळ, मग आणखी काहीतरी. आणि हेच पुन्हा पुन्हा. मला वाटलं, यंत्र बिघडलं. पुतण्या मात्र शांत. "काका, अक्षरं जिवंत आहेत. वाचणारा चुकतोय." त्याने एक फिल्टर लावला आणि विठ्ठल प्रकट झाला.

हे त्याचं वाक्य मला समजायला महिना लागला. पण समजलं तेव्हा मोडी आठवली. मोडीचा कागद बालबोध वाचणाऱ्याच्या हाती दिला तर त्याला काय दिसेल? कागदात मजकूर पूर्ण आहे, शाईही ठसठशीत आहे. वाचणाऱ्याची लिपी वेगळी, एवढंच. मोडी जाणणारा आणला की काम झालं.

संगणकाला अक्षरं कळत नाहीत, आकडे कळतात. कुठल्या अक्षराला कुठला आकडा, याचं कोष्टक ठरलेलं लागतं. १९६३ च्या अमेरिकन 'आस्की' कोष्टकात जागा १२८. त्यात इंग्रजी मावलं, बाकी जग बाहेर. मग युरोपियन लोकांनी ते वाढवून २५६ जागांचं केलं. त्याचं नाव लॅटिन-१. फ्रेंच, जर्मन, स्पॅनिश त्यात बसले. आपण तरीही बाहेर. आपल्याकडे भारतीय लिप्यांसाठी 'इस्की' नावाचं कोष्टक तयार झालं. १९९१ मधे साऱ्या जगाच्या लिप्यांचं युनिकोड आलं, त्यातली देवनागरीची मांडणी १९८८ च्या इस्कीवरूनच घेतली आहे. म्हणजे त्या जागतिक पंगतीत आपलं पान आपण मांडलेल्या क्रमानेच वाढलं गेलं. युनिकोडमधे 'क' चा आकडा २३२५.

हे आकडे बाइटमधे कसे लिहायचे, त्याची सोयीस्कर रीत म्हणजे यूटीएफ-८. केन थॉम्प्सन आणि रॉब पाइक यांनी सप्टेंबर १९९२ मधे न्यू जर्सीतल्या एका खाणावळीत ताटाखालच्या कागदावर ती मांडली. तिच्यात इंग्रजी अक्षराला एक बाइट लागतो, देवनागरी अक्षराला तीन. म्हणून तर लॅटिन-१ वाचणाऱ्याला आपल्या एकेका अक्षराच्या जागी तीन तीन चमत्कारिक खुणा दिसतात, आणि पहिली खूण नेहमी तो तिरक्या रेघेचा ए असते.

आता खरा प्रश्न. जावा जन्मली तेव्हा युनिकोड चार वर्षांचं होतं आणि जावाने पहिल्या दिवसापासून ते पत्करलं होतं. म्हणजे जावाला देवनागरी जन्मतःच येत होती. मग आमचा विठ्ठल का बिघडला?

कारण जावा एकटी नसते. वेबचा जन्म जिनिव्हाजवळच्या सर्न या प्रयोगशाळेत, युरोपात. तिथल्या गरजेला लॅटिन-१ पुरेसं होतं. १९९९ च्या एचटीटीपी १.१ च्या नियमातही तेच लिहिलेलं, की मजकुराचं कोष्टक कोणी सांगितलं नसेल तर लॅटिन-१ समजावं. जावाच्या सर्व्हलेटचा, म्हणजे वेबवरून आलेली विनंती घेणाऱ्या भागाचा, नियमही तोच. ब्राउझर अर्ज यूटीएफ-८ मधे पाठवी, पण तसं सांगत नसे. मग दारावरचा कारकून तो लॅटिन-१ म्हणून वाचणार. आत बसलेल्या जावाला उत्तम मराठी येत असून काय उपयोग? तिच्यापर्यंत मजकूर पोचायचा तोच बिघडून. 'अमुक कोष्टकाने वाच' असं त्या कारकुनाला सांगायची सोय सर्व्हलेटच्या २००१ च्या २.३ आवृत्तीत आली. ते सांगण्याचं काम करणारा स्प्रिंगमधला तयार फिल्टर युर्गेन होलर यांनी लिहिलेला, पहिल्या आवृत्तीपासूनचा. पुतण्याने लावला तो हाच.

तर लॅपटॉपवर सगळं सुरळीत झालं. मे महिन्यात ते भाड्याच्या सर्व्हरवर चढवलं आणि जूनमधे सरांनी नावं भरायला सुरुवात केली. रोज सकाळी पूजा आटोपून बसायचे. एकेक बोट शोधत टंकायचे. बटण दाबलं की पडद्यावर यायचं, 'धन्यवाद. नोंद झाली.' एका दिवसाला दहा-पंधरा नोंदी. एकदा मी गेलो तेव्हा स्वतःशीच हसत होते. म्हटलं, "सर, काय लिहिताय एवढं?" तर म्हणाले, "मेळाव्यात वाचा." तीन आठवड्यांत ३१२ नोंदी झाल्या. नावं शोधायचं पान अजून तयार व्हायचं होतं.

जुलैमधे ते पान तयार झालं आणि पुतण्याचा फोन आला. "काका, एकही नाव सापडत नाहीये."

पहिला संशय गेला शोधण्याच्या पानावर. अर्जातला मजकूर विनंतीच्या पोटातून जातो, पण शोधायचा शब्द पत्त्याच्या ओळीतून जातो. तो फिल्टर पोटातलं वाचायला शिकवतो, पत्त्यावरचं नाही. त्यासाठी टॉमकॅट या सर्व्हरला वेगळं सांगावं लागे. ते राहिलं होतं. पुतण्याने सांगितलं, पत्ता नीट वाचला जाऊ लागला, तरी नाव सापडेना. मी वर्गात १८५७ शिकवताना मुलांना बजावायचो, की काडतुसं हे तात्कालिक कारण, खाली खणा. इथे तेच झालं. सापडलेली चूक खरी होती, पण मूळ चूक ती नव्हती.

मग त्याने मला सोबत घेऊन खणायला सुरुवात केली. (मी फोनवर, उगाच हुं हुं करत.) त्याची रीत फार आवडली, कारण ती आमचीच होती. कागद किती हातांतून गेला ते मांडा आणि प्रत्येक हाताशी तो काय म्हणत होता ते बघा. इतिहासाचार्य राजवाडे बखरींवर विसंबले नाहीत, अस्सल पत्रं शोधत दप्तरं धुंडाळत फिरले, ते याचसाठी. इथे हात चार. ब्राउझर, सर्व्हर, स्प्रिंगमधला आमचा कोड आणि डेटाबेस. अक्षरं छापून बघण्यात अर्थ नव्हता, कारण छापणाराही फसवू शकतो. म्हणून त्याने अक्षरांचे आकडे छापले. 'क' सर्व्हरवर आला तेव्हा २३२५. कोडमधे २३२५. डेटाबेसात ठेवून परत वाचला तर ६३.

६३ म्हणजे काय, विचारलं. आस्कीच्या कोष्टकात ६३ म्हणजे प्रश्नचिन्ह.

सर्व्हरवरचा डेटाबेस लॅटिन-१ चा होता. लॅपटॉपवरचा पुतण्याने यूटीएफ-८ चा केला होता, नव्या ठिकाणी तेवढं सांगायचं राहून गेलं. दोष डेटाबेसचा नाही, आम्ही विचारलं नाही. २५६ जागांच्या कोष्टकात न मावणारं अक्षर लिहायची वेळ आली की त्याच्या जागी प्रश्नचिन्ह टाकून पुढे जायचं, हा जुना रिवाज. हा रिवाज मोडीसारखा नाही मंडळी, वाळवीसारखा आहे. चुकीचं वाचलेलं अक्षर परत नीट वाचता येतं. क असो की ज्ञ, एकदा ६३ झालं की त्याच्यामागे काही उरत नाही. आणि दैव बघा. तो फिल्टर लावलाच नसता तर बिघडलेल्या खुणा का होईना, त्यांतल्या बऱ्याच डेटाबेसात मावल्या असत्या आणि निदान काही भाग परत जुळवता आला असता. एक चूक नीट दुरुस्त केल्यामुळे दुसरी जीवघेणी झाली.

तो छापील कागद त्या दिवसाचा. पुतण्याने सगळ्या ३१२ नोंदी छापून पाठवल्या होत्या, त्यातलं हे एक पान.

कागदाकडे बघत बसलो आणि हळूहळू दिसायला लागलं, की काही खुणा वाचल्या आहेत. रजिस्टरचा क्रमांक इंग्रजी आकड्यांत भरायचा होता, तो शाबूत. शब्दांमधल्या मोकळ्या जागा शाबूत. आणि प्रश्नचिन्हांची संख्या! एका अक्षराला एक. पण 'विठ्ठल' ला तीन नाहीत, सहा. संगणक व मोजतो, वेलांटी वेगळी मोजतो, ठ मोजतो, पायमोड वेगळा मोजतो, मग ठ, मग ल. आयुष्यभर व्याकरण शिकवलं, पण शब्दांची अशी उकल कधी केली नव्हती. क्रमांकावरून रजिस्टरातलं नाव काढायचं आणि प्रश्नचिन्हं मोजून पडताळायचं. चार म्हणजे 'सुमन' जमतं. नऊ असतील तर क्रमांक टंकताना सरांचं बोट चुकलं, शेजारचा क्रमांक बघा. असं करत सप्टेंबरपर्यंत ३१२ च्या ३१२ नावं मी परत लिहिली.

शेरे मात्र गेले. त्यांना रजिस्टर नव्हतं. ते फक्त सरांच्या डोक्यात होतं. कुठे एक ओळ, कुठे पाच. मधे स्वल्पविराम शाबूत, पूर्णविराम शाबूत. एका शेऱ्याच्या शेवटी उद्गारचिन्ह आहे. त्याच्या आधी त्रेचाळीस प्रश्नचिन्हं. सर त्या दिवशी हसत होते ते हेच का, कोण जाणे.

आता कबुली. त्या पावसाळ्यात सर आजारी पडले आणि मुलीकडे राहायला गेले. दसऱ्याला मी फोन केला. सोनं घ्या, सोन्यासारखं राहा, झालं. मग त्यांनी विचारलं, "नावं दिसतात ना?" मी म्हटलं, "हो सर, सगळी दिसतात." आणि ती दिसतच होती, मीच भरली होती. शेऱ्यांचं त्यांनी विचारलं नाही, मी सांगितलं नाही. त्या दिवाळीत ते गेले. मी खोटं बोललो नाही अशी पुष्कळ दिवस मनाची समजूत घातली. पण माझं ते उत्तर आणि 'धन्यवाद. नोंद झाली.' यांत काय फरक होता? सांगितलं असतं तर पाच-पन्नास शेरे त्यांनी फोनवर पुन्हा सांगितलेही असते. त्यांच्या घरच्यांपैकी कोणी हे वाचत असेल तर मला माफ करावं.

पुढे हे सगळे नियम बदलत गेले. टॉमकॅटने ८ व्या आवृत्तीपासून, २०१४ मधे, पत्त्याची ओळ आपणहून यूटीएफ-८ ने वाचायला घेतली. त्याच वर्षी एचटीटीपीच्या सुधारित नियमांतून लॅटिन-१ चं ते गृहीत काढून टाकलं. त्याच वर्षी आलेल्या स्प्रिंग बूटने डिसेंबरपासून तो फिल्टर आपोआप लावायला सुरुवात केली. मायएसक्यूएल या प्रसिद्ध डेटाबेसाचं मूळ स्वीडनमधलं. त्याच्यात काही सांगितलं नाही तर लॅटिन-१ मिळे आणि शब्दांचा क्रम स्वीडिश भाषेचा. २०१८ च्या ८.० आवृत्तीत ते जाऊन सगळ्या जगाची अक्षरं मावतील असं कोष्टक आलं. खुद्द जावानेही फायली वाचताना-लिहिताना यूटीएफ-८ हेच गृहीत धरायला घेतलं, पण ते मार्च २०२२ मधे, १८ व्या आवृत्तीत. युनिकोड घेऊन जन्मलेल्या भाषेला त्यासाठी जवळजवळ सत्तावीस वर्षं लागली. चुका कोणी दुष्टाव्याने केल्या नव्हत्या. प्रत्येकाने आपल्या घरात पुरेल एवढं कोष्टक धरलं आणि दारावर कोण येणार आहे ते विचारलं नाही.

पण नुसते नियम बदलून भागत नाही, हे पुतण्या शिकला. तेव्हापासून तो प्रत्येक नव्या कामात पहिली चाचणी एकच लिहितो. डेटाबेसात 'विठ्ठल' ठेवायचा, परत काढायचा आणि सहाच्या सहा आकडे ताडून बघायचे. हाताखालची मुलं विचारतात, हे नाव का? तो म्हणतो, आमच्या काकांचा देव आहे.

आणि 'नोंद झाली' असं तो आता नुसतं म्हणत नाही. डेटाबेसातून परत वाचलेलं नाव माणसाला दाखवतो आणि मगच म्हणतो. मला हे ऐकून आपले जुने जबाब आणि दस्तऐवज आठवले. त्यांच्या तळाशी लिहिलेलं असतं, 'वाचून दाखवले, बरोबर आहे', आणि मग सही. कोणा शहाण्या कारकुनाने ती ओळ घातली असेल. ती आम्ही २००९ मधे घातली असती तर पहिल्याच सकाळी सरांनी चष्मा वर करून विचारलं असतं, "हे काय हो, सगळी प्रश्नचिन्हं?"

कागद परत कपाटात ठेवला आहे. तुमच्या घरात वडिलधाऱ्यांनी टंकून ठेवलेलं काही असेल, तर आज एकदा उघडून बघा. आणि ते असतील तर त्यांना वाचून दाखवा.